राजवीरसाठी सोडलेलं भरीत

कुंदाने त्या हिवाळ्यात भरीत सोडलं होतं. खानदेशातल्या बाईने हिवाळ्यात भरीत सोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. उपास सगळेच करतात. त्यात साबुदाणा असतो, शेंगदाणे असतात, एकूण बरं चालतं. पण शेजारी वांगी भाजली जाताहेत, धूर आपल्या खिडकीतून आत येतोय आणि आपण मुकाट्याने वरणात भाकरी कुस्करतोय, याला वेगळी छाती लागते. कुंदाने ती राजवीरसाठी दाखवली होती.

राजवीर कुंदाचा कुणी लागत नव्हता. तो रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचा. मालिकेचं खरं नाव चांगलं लांबलचक हिंदी होतं, पण कुंदाच्या पिंपळनेर गावात ते कुणी घेत नसे; बाया तिला ‘राजवीरनी शिरियल’ म्हणायच्या. राजवीरची बायको पल्लवी. रस्ता ओलांडायचा असला की राजवीर तिचा हात धरायचा, चहा गरम असला की फुंकर घालायचा, आणि तिच्या कपाळावर जरा आठी दिसली की म्हणायचा, “तुम मत सोचो पल्लवी, मैं सोच लूँगा.” हे वाक्य आलं की पिंपळनेरातल्या बाया आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. नवरे बहुधा तंबाखू मळत असायचे.

कुंदाला बघावं लागत नसे. तिच्या घरात तिचा स्वतःचा राजवीर होता, फक्त त्याचं नाव लीलाधर होतं आणि ते ती घेत नव्हती.

लीलाधर गावातला केबलवाला. गच्चीवर त्याची मोठी डिश, जिन्याखालच्या खोलीत त्याची यंत्रं, आणि तिथून निघालेली काळी वायर गावभर घराघरांत. गावाने काय पाहायचं ते त्या खोलीत ठरायचं. त्या खोलीत कुंदाला जायला बंदी होती. “करंट असतो,” लीलाधर म्हणायचा. करंट स्वयंपाकघरातही होता, पण तिथला बहुधा माणसाळलेला असावा.

मूल नव्हतं, त्यामुळे लीलाधरची सगळी काळजी एकट्या कुंदाच्या वाट्याला आली होती. बाजाराला तो सोबत जायचा. दूधवाल्याशी तो बोलायचा. आभाळाकडे बघून “स्वेटर घाल” म्हणायचा, की कुंदाला थंडी वाजायला लागायची. भाजी झाली की ती पळीभर वाटीत घेऊन त्याच्यापुढे धरायची. तो चाखायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “मीठ बरोबर आहे.” किंवा, “चिमूटभर टाक.” इतक्या वर्षांत भाजीचं मीठ कुंदाने स्वतःच्या जिभेने ठरवलं नव्हतं. तिला कशात अडचण वाटली तर तो म्हणायचा, “तू नको डोकं चालवू. मी बघतो ना.” राजवीरच्या आधीपासून म्हणायचा; म्हणूनच तर राजवीर तिला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

आणि दिवाळीच्या सुमाराला राजवीरची गाडी घाटातून खाली गेली.

तो दवाखान्यात बेशुद्ध पडला, नाकात नळ्या, आणि काचेबाहेर पल्लवी एकटी उभी. कुंदाला त्या दिवशी घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी लीलाधर वायर जोडायला शिडी घेऊन निघाला तर तिने शिडी धरली. चढताना आधार द्यायला नव्हे, चढूच नये म्हणून.

“अगं, लोकांची केबल बंद आहे!”

“असू द्या. पडलात म्हणजे?”

“मी आजवर पडलो का?”

“तो तरी आजवर कुठे पडला होता?”

लीलाधरने शिडी भिंतीला टेकवून ठेवली. केबलवाल्याला शिडी बंद म्हणजे न्हाव्याला वस्तरा बंद. कुंदा त्याच्या सदऱ्याचं टोक धरून घरभर फिरत होती. संध्याकाळी तिने देव्हाऱ्यातल्या कानबाईपुढे नारळ ठेवला आणि नवस बोलली, “राजवीर बरा होईस्तोवर मी भरीत खाणार नाही.” ते ऐकून लीलाधर बराच वेळ जिन्याखालच्या खोलीत बसून राहिला.

त्यानंतर मालिकेत एक चमत्कार झाला. राजवीर बराही होईना आणि मरेही ना. कधी तो नळ्या लावून पडलेला दिसायचा, कधी पल्लवीला जुने दिवस आठवायचे आणि तो बागेत फुंकर घालत फिरायचा. आठवणी फार यायला लागल्या. कधी मध्येच पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मुंग्या गेल्या की पुन्हा बाग.

शेजारच्या भिकुबाईला शंका आली. म्हातारी रोज कुंदाकडेच बघायला यायची, कारण तिच्या मते केबलवाल्याच्या घरात चित्र जास्त ताजं दिसतं.

“काय वं कुंदा, हाई ते परोनदिन बी व्हतं ना?”

“अक्का, तिला आठवतंय ते. पुन्हापुन्हा आठवतंच माणसाला.”

“मी म्हातारी शे, मी इसरस. तिले कशाले इतलं याद येस?”

तरी ती बघत राहिली. मालिका मुळातच इतकी संथ होती, की तोच भाग चारदा दाखवला तरी गोष्ट अडून बसल्यासारखी वाटत नव्हती. साऱ्या पिंपळनेराने राजवीरचं दुखणं असं हिवाळाभर काढलं.

पौषात जळगावहून सुनंदामावशीचा निरोप आला: शेतात भरीत पार्टी आहे, दोघांनी यायचंच. मावशी कुंदाच्या आईची धाकटी बहीण, आणि तिचं शेत जळगावच्या बाहेर केळीच्या पट्ट्यात. कुंदा म्हणाली, मी येऊन काय करू, मला खायचं नाही. लीलाधर म्हणाला, “वारं लागेल जरा तुला. चल.” वारं लागेल म्हणून एरवी तो एस.टी.ची खिडकी लावून घ्यायचा. पण भरताच्या ओढीने माणूस काय बोलतो याचा हिशोब कुणी ठेवू नये.

शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला होता. त्यात हिरवी, थोराड वांगी भाजून काळी पडली होती. साली काढून मोठ्या लाकडी बडगीत ती ठेचली जात होती. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, तेलात परतलेले दाणे. वास असा की नवस बोलणाऱ्याने तिथून लांब उभं राहावं. पुरुष विहिरीपाशी आंब्याखाली बसले, बाया बडगीजवळ. मावशीने केळीच्या पानावर ढीगभर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढून कुंदापुढे सरकवलं.

“मावशी, मला भरीत नको. मी सोडलंय.”

“का गं? पित्त झालं?”

“नाही. नवस आहे.”

बायांचे चेहरे लगेच मऊ झाले. मूल नसलेली बाई नवस म्हणाली की पुढचं कुणी विचारत नाही. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “होईल माय, होईल. कानबाई देईल.”

“देईल ना? डॉक्टर तर काहीच सांगत नाहीत. नळ्या काढल्या की समजेल म्हणतात.”

मावशीचा हात पाठीवर तसाच राहिला. “नळ्या? कोणाच्या?”

“राजवीरच्या.”

बडगीतला दांडा थांबला. मावशीची सून मंजुळा ठेचत होती. तिने मान वर केली. “ताई, कोणता राजवीर? शिरियलमधला?”

“हो.”

“अहो ताई, तो तर मेला!”

कुंदा हसली. शहरातल्या बाया चेष्टा करतात हे तिला माहीत होतं. “कालच तर दाखवला. पल्लवीला आठवत होतं...”

“काल? काल तर पल्लवीने फॅक्टरीच्या मॅनेजरला कामावरून काढलं! तो मेला त्याला महिना झाला. आता ती गाडी चालवते, केस कापलेत तिने. तुमच्या पिंपळनेरला अजून बातमी पोचली नाही काय?”

बाया हसायला लागल्या. पिंपळनेरला सगळंच उशिरा पोचतं, पेपर, गॅस सिलिंडर, पाहुणे. त्यात एक मरणही असेल, असं कुणीतरी म्हणालं. मग मावशीला खरा प्रश्न सुचला. ती हसण्यावर नेणारी बाई नव्हती.

“पण मग हिच्या नवसाचं काय? बरा होईस्तोवर बोलली ही. आता तो बरा कसा होणार?”

“म्हणजे ताईंनी जन्मभर भरीत खायचं नाही?” मंजुळा म्हणाली.

“असं कसं? मेला म्हणजे सुटला. सुटला म्हणजे बराच झाला की,” एक बाई म्हणाली.

“सुटणं वेगळं, बरं होणं वेगळं. कानबाईला असं शब्दात पकडता येत नाही,” मावशी म्हणाली.

वाद रंगला. कुंदाच्या कानावर त्यातलं काही पडत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुटमळत होती आणि ती तिने मंजुळाला विचारली.

“पहिल्या दिवशी तिने काय केलं?”

“कुणी?”

“पल्लवीने. तो गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून. तिला तर रस्तासुद्धा ओलांडता येत नव्हता. चहा कसा प्यायली?”

मंजुळाने आठवून बघितलं. “ते काही लक्षात नाही बाई. रडली खूप. आणि मग गाडीच चालवत होती.”

कुंदाने विहिरीकडे पाहिलं. लीलाधर पानावर वाकून बसला होता. मग तो मान वर करून वाढणाऱ्याला म्हणाला, “वाढा अजून. मीठ एकदम बरोबर आहे.”

त्या क्षणी कुंदाला सगळं समजलं, असं म्हणता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. तिला उलट काहीच समजेनासं झालं. पिंपळनेरात राजवीर जिवंत आणि जळगावात मेलेला, आणि दोन्ही गावांत चित्र एकाच आकाशातून येतं. मग मधे कोण बसलंय? मधे तर हेच बसलेत. म्हणजे ह्यांना माहीत होतं. आपण महिनाभर एका मेलेल्या माणसासाठी वरण-भाकरी खात होतो आणि हे समोर बसून बघत होते. वर म्हणत होते, जेव नीट, अंगात ताकद नाही तुझ्या.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीजवळ बसली. लीलाधरने सवयीने खिडकी लावली. तिने ती उघडली. त्याने पुन्हा लावली नाही. त्याला वाटलं, मळमळत असेल.

“तो मेला ना?” कुंदाने विचारलं.

“कोण?” लीलाधर म्हणाला, पण ‘कोण’ म्हणायला त्याने जो वेळ घेतला त्यातच राजवीरचं सुतक आलं.

“मी विचारतेय, मेला ना?”

“हे बघ, तुला झेपलं नसतं. तो नुसता घाटात पडला तर तू मला शिडी चढू देईना. मेला असता तर संडासला तरी जाऊ दिलं असतंस का?”

“मग जुनंच दाखवत बसलात?”

“तुझ्या एकटीसाठी वेगळी वायर नाही ना टाकता येत. म्हणून सगळ्या गावाला.” हे सांगताना त्याचा आवाज जरा अभिमानाचा झाला. एका बाईला रडू येऊ नये म्हणून गावभर एक मरण थोपवून धरणारा नवरा मालिकेतसुद्धा झाला नव्हता, आणि ही गोष्ट कुंदालाही दिसत होती. तिला त्याचा राग यावा की लाज वाटावी की कौतुक वाटावं, हे कळेना. तिन्ही जरा जरा झालं.

“आणि अजून काय काय?” तिने विचारलं.

“काय अजून?”

“अजून काय काय आहे जे मला झेपणार नाही म्हणून तुम्ही सांगितलं नाही?”

“काही नाही गं. तू नको डोकं चालवू.”

साक्री येईपर्यंत कुंदा डोकं चालवत राहिली. सवय नसल्यामुळे ते दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिशवर माकडं बसली म्हणून लीलाधर काठी घेऊन गच्चीवर गेला. कुंदाने जिन्याखालच्या खोलीचं दार ढकललं. करंट बसला नाही. आत उकडत होतं, फळीवर कॅसेटी होत्या, आणि दोन कॅसेटींवर लीलाधरने पेनाने लिहिलं होतं: ‘राजवीर चालू’ आणि ‘राजवीर नंतर’. यंत्रात हळदीकुंकवाची जाहिरात फिरत होती. ती तिने काढली आणि ‘नंतर’ आत घातली. बटण दाबायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही. त्यावर बाण होता.

खोलीतल्या छोट्या टीव्हीवर राजवीर मेला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पांढरी चादर वर गेली, पल्लवी किंचाळली. कुंदा रडली, पण घाईघाईने. तिला पुढचं बघायचं होतं. आता रात्र होईल, मग सकाळ होईल. सकाळी ती उठेल. आधी काय करेल? कुणाला विचारेल?

पडद्यावर अक्षरं आली: ‘कुछ महीने बाद’. आणि पल्लवी, कापलेल्या केसांची, चारचाकी चालवत फॅक्टरीच्या दारातून आत आली.

कुंदाने कॅसेट मागे नेली. पुन्हा चादर, पुन्हा किंचाळी, पुन्हा ‘कुछ महीने बाद’. पुन्हा मागे नेली. मधे काही नव्हतं.

ती तिसऱ्यांदा मागे नेत होती तेव्हा बाहेर हंबरडा ऐकू आला. एकीकडून नव्हे; गल्लीतून, मागच्या आळीतून, पार पेठेतून. त्या खोलीत जे फिरतं ते गावभर दिसतं, हे कुंदाच्या लक्षातच आलं नव्हतं. बंदी असल्यामुळे कुणी सांगितलंच नव्हतं. भर दुपारी, कसलीही पूर्वसूचना न देता, राजवीर पिंपळनेरात तीनदा मेला होता.

भिकुबाई पदर तोंडाला लावून धावत आली. “कुंदा वं! मरी गया ना वं तो! बठ्ठं गाव रडी ऱ्हायनं! आते ती पोर कशी करी?”

“रडू नका अक्का,” कुंदा म्हणाली. “पुढे ती गाडी शिकते.”

“कोन शिकाडस तिले?”

“तेच तर दाखवत नाहीत.”

मागून लीलाधर आला. हातात माकडांची काठी, चेहरा पांढरा. त्याने यंत्राकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि नजर भिंतीकडे वळवली. पडद्यावर पुन्हा चादर वर चालली होती. कुंदाच्या तेव्हा लक्षात आलं, की त्याने स्वतःही हे एकदाच, तेही अर्धवट पाहिलं असावं.

“इथलं तुम्ही काढलंत का?” तिने विचारलं.

“कुठलं?”

“तो गेला ती रात्र आणि ती गाडी चालवते तो दिवस, ह्यांच्या मधलं. पहिली सकाळ.”

“नाही गं. आईशपथ. त्यांनीच नाही दाखवलं.”

“खरं?”

“अगं, खरंच. महिने गेले म्हणून पाटी टाकली आणि गेले पुढे. मी कशाला काढू?”

कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. तो खरं बोलत असावा, असं वाटत होतं. पण राजवीर बरा होतोय असंही महिनाभर वाटतच होतं. खरं आणि सांगितलेलं यातला फरक आजवर तिला कधी ओळखावा लागला नव्हता. कसा ओळखतात, हेही आता ह्यांनाच विचारावं लागेल, असं तिच्या मनात आलं.

“अक्का,” ती भिकुबाईला म्हणाली, “वांगी कुठे मिळतील आत्ता?”

“वांगा? सुतकमा?” भिकुबाईने डोळे पुसले. विचार केला. “मन्हाच परसमा शेतस दोन. पन तुना नवस?”

“तो बरा झाला की मेला की सुटला, ते कानबाई बघेल.”

लीलाधरने चपला घातल्या. “मी आणतो. तू नको...”

“परसात तर आहेत.”

परस म्हणजे मधली गल्ली ओलांडून पलीकडे. गल्लीत एक शेळी बांधलेली होती आणि दुपारचं दुसरं कुणी नव्हतं. कुंदा कडेला थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेळीने तिच्याकडे पाहिलं. मग ती ओलांडून गेली. काही झालं नाही. काही व्हायला हवं होतं की काय, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. येताना दोन वांगी घेऊन ती पुन्हा थांबली, कारण आता लीलाधर अलीकडच्या उंबऱ्यात दोन्ही हात अर्धवट पुढे करून उभा होता, जणू तिथे नदीच होती.

संध्याकाळी चुलीवर वांगी भाजली. घरभर धूर झाला. बडगी नव्हती, तिने पाट्यावर ठेचली. मिरच्या, लसूण, पात. मीठ टाकलं. मग सवयीने पळीभर भरीत वाटीत घेऊन तिने हात पुढे केला. लीलाधर पाटावर तयारच होता. दुपारपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं होतं. त्याने तोंड उघडलं.

“थांबा,” कुंदा म्हणाली.

वाटी तिने मागे घेतली आणि स्वतः चाखली. दोन महिन्यांनी जिभेवर भरीत आलं, डोळे पाण्याने भरले. मिरचीने की कशाने, तेही समजलं नाही. तिने डोळे मिटले, तो मिटायचा तसे. मीठ बरोबर होतं. किंवा कमी होतं. किंवा असंच असायला हवं होतं आणि आजवर जास्त पडत होतं.

“बरोबर आहे का?” लीलाधरने विचारलं. हा प्रश्न त्या घरात त्याने पहिल्यांदाच विचारला होता.

“बघते,” कुंदा म्हणाली, आणि पुन्हा एक बोट चाखलं. मग अजून एक. लीलाधर रिकामं ताट पुढे घेऊन वाट बघत बसला. वाटीतलं भरीत कमी होत चाललं होतं आणि तिला काही अजून कळत नव्हतं.